पेडल बदलू नका, आधी एन्व्हलप उघडा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सिंथवर (सिंथेसायझरवर) पियानोच्या आवाजावर सस्टेन पेडल, म्हणजे पट्टी सोडल्यावरही स्वर धरून ठेवणारं पेडल, चोख चालतं, पण स्वतः बनवलेला तारेसारखा आवाज पेडल दाबून धरलं तरी सेकंदाभरात विरतो. पॅडवर (मागे भरून राहणाऱ्या लांब, मऊ आवाजावर) बरोबर उलटं होतं, पेडल सोडलं तरी आधीची कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) पुढच्या कॉर्डमध्ये शिरते. म्हणून नवीन पेडल घ्यायच्या विचारात आहात. कृपया थांबा. याच दोन तक्रारींपायी मी दोन पेडल बदलली, सिंथ दुरुस्तीला टाकला आणि शेवटी माझ्याच हातांनी माझे आवाज बिघडवले.

केबल, जोडणी तुम्ही पाहिलीच असेल. पियानोवर चालतं म्हणजे पेडल ठणठणीत आहे.

घोळ नावाचा आहे. पट्टी दाबल्यापासून विरेपर्यंत आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवतो तो एन्व्हलप, आणि अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज हे त्याचे चार आकडे म्हणजे एडीएसआर. पेडलही सस्टेन आणि एडीएसआरमधला एसही सस्टेनच. अटॅक (चढायला), डिके (सस्टेनच्या पातळीवर उतरायला) आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायला) म्हणजे किती वेळ, आणि सस्टेन म्हणजे किती पातळी, एवढं पक्कं धरा. पेडल यातल्या कशालाच हात लावत नाही. ते मिडीवरून (वाद्यांच्या आपसातल्या संदेशांच्या भाषेतून) कंट्रोलर 64 नावाचा संदेश पाठवतं; किंमत 64 किंवा वर असेल तर दाबलेलं, 63 किंवा खाली असेल तर सोडलेलं. दाबलेलं असेपर्यंत तुम्ही पट्टी सोडल्याचं एन्व्हलपला कळतच नाही. त्याच्या लेखी बोट अजून पट्टीवर आहे. म्हणून पेडलला पाय न लावता पट्टी बोटाने दाबून धरा आणि ऐका. तेव्हाही आवाज विरत असेल तर पेडलनेही विरणारच.

तुमच्या तारेच्या आवाजात बहुधा सस्टेन शून्य आणि डिके सेकंदभर असेल. सस्टेन शून्यच राहू द्या, डिके पाच-सहा सेकंदांवर न्या आणि रिलीज 200-300 मिलीसेकंद ठेवा. आता बोट उचललं की आवाज पटकन मिटेल, आणि पेडल दाबलेलं असेल तर पूर्ण डिके संपेपर्यंत हळूहळू उतरत जाईल. पियानोत डँपर (तारेवर टेकून ती थांबवणारी गादी) तारेवरून उचललेला असताना हेच होतं.

तरीही विरला तर फिल्टरचा एन्व्हलप बघा. फिल्टर कटऑफ या मर्यादेच्या वरचा आवाज अडवतो, आणि त्यालाही स्वतःचा एन्व्हलप असतो. माझं घोडं इथेच अडलं होतं. व्हॉल्यूमचा सस्टेन पूर्ण वर, पण फिल्टरच्या एन्व्हलपचा सस्टेन शून्य आणि कटऑफ अगदी तळाला. स्वर चालूच होता, फिल्टर त्याला बाहेर येऊ देत नव्हता.

हे मला दुरुस्तीवाल्यांनी सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. सगळी तक्रार कागदावर लिहून दिली होती, पॅचचा (सिंथमध्ये साठवलेल्या आवाजाचा) नंबरसुद्धा. तीन आठवडे सिंथ ठेवून घेतला, पेडलचा जॅक बदलला, कंपनीच्या तयार पियानोच्या आवाजावर वाजवून पाहिला आणि 'पेडल चालतंय' म्हणून परत दिला. मी लिहिलेला पॅच कुणी उघडलाच नाही. एक पट्टी दाबून धरली असती तर दहा सेकंदांत उलगडा झाला असता. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने वाजवणाऱ्याचं ऐकून घेऊ नये, याचा राग अजून जात नाही.

आणि त्या रागात मी खरी चूक केली. पेडलवर विसंबायचंच नाही असं ठरवून चाळीसेक पॅचचा रिलीज सहा सेकंदांवर नेला आणि जुन्या पॅचवरच सेव्ह केलं. घरी एकेक स्वर वाजवताना छान वाटलं. कार्यक्रमात तिसऱ्याच कॉर्डला खालचा खर्ज गायब! माझ्या सिंथची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची संख्या) 16, पण त्या पॅचमध्ये एकावर एक दोन आवाजांचे थर, प्रत्येक स्वराला दोन जागा, म्हणजे हाताशी आठच स्वर. चार स्वरांच्या दोन कॉर्ड झाल्या की कोटा संपला, कारण सोडलेले स्वरही रिलीज संपेपर्यंत जागा अडवून बसतात. नव्या स्वराला जागा द्यायला सिंथने सर्वांत जुना स्वर कापला, आणि तो नेमका खर्जाचा होता. गायिका वरचा सूर धरून उभी आणि खाली आधार नाही. ते पॅच मला पुन्हा तसेच्या तसे बनवता आले नाहीत.

तुमच्या पॅडचंही मूळ रिलीजमध्येच आहे. नवी कॉर्ड पडते त्या क्षणी पाय वर, लगेच खाली, अशी आपल्या पायाची सवय असते. त्या फटीत जुने स्वर मिटायला हवेत. तीन सेकंदांचा रिलीज कसा मिटणार? रिलीज अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणा, लांबण रिव्हर्बने (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टने) द्या. रिव्हर्ब पॉलिफनी खात नाही. हे माझं ठाम मत आहे, सगळ्यांना पटेलच असं नाही. फार कमी केलात तर मात्र बोट आधी उचललं आणि पाय उशिरा पडला की स्वर निसटेल. पियानोत वाजती तार पाय पुन्हा पकडतो, बहुतेक सिंथ रिलीजमध्ये गेलेला स्वर परत धरत नाहीत.

हे साध्या एडीएसआरपुरतं. 1983 च्या यामाहा डीएक्स7 सिंथमध्ये चार रेट (वेग) आणि चार लेव्हल (पातळ्या) असतात, तिथे तिसरी लेव्हल सस्टेनचं काम करते. मिनीमूग सिंथला रिलीजचा वेगळा नॉबच नाही, डिकेचीच वेळ एका स्विचने रिलीजला लागते. हाफ पेडल (अर्धवट दाबलेलं पेडल) ओळखणाऱ्या वाद्यांचा हिशोबही वेगळा.

जाता जाता, सिंथ चालू करताना पाय पेडलवर नको. बरेच कीबोर्ड त्या क्षणी पेडलची जी स्थिती असेल तीच सोडलेली धरतात, आणि मग पाय उचलला की स्वर अडकतात. रेकॉर्डिंगची क्लिप पेडल दाबलेलं असताना कापलीत तरी तेच, पेडल सोडल्याचा संदेश कापलेल्या भागात राहून जातो.

आज काहीही बदलण्याआधी पॅच दुसऱ्या नावाने सेव्ह करा. मग दोन्ही एन्व्हलपचे आकडे, कटऑफ आणि पॉलिफनी किती ते इथे लिहा, मी माझ्या सिंथवर लावून बघतो.