बटणं हलली, कीबोर्ड जागेवरच आहे

प्रश्न: ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर खूप दिवसांनी अपडेट झाला आणि आता सगळंच बदललंय, टॅब जाड झालेत, फाइल डाउनलोड केली की खाली पट्टी यायची ती येत नाही. घरी दुसरा ब्राउझर आहे, त्यात तर वरची फाइल-एडिटवाली ओळच दिसत नाही. माझं दिवसभराचं काम ब्राउझरमध्येच असतं, हात सवयीने जुन्या जागी जातो आणि तिथे काहीच नसतं, डोकं उठतं अगदी. जुनं व्हर्जन परत टाकलं तर चालेल का?

उत्तर: ताई, तुमचा वैताग अगदी खरा आहे. वर्षानुवर्षं हाताला बसलेली जागा एका रात्रीत हलली की साधं कामही अवघड वाटायला लागतं, यात तुमचं काहीही चुकत नाहीये.

पण जुनं व्हर्जन नको, कृपा करून नको. अपडेटमध्ये नुसती बटणं बदलत नाहीत, आधीची सुरक्षेची भोकंही बुजवलेली असतात, आणि जुनं टाकलं की ती भोकं परत उघडी, त्यात तुम्ही ऑफिसचं काम त्याच खिडकीत करता. शिवाय फायरफॉक्समध्ये तर २०१९ पासून नव्यावरून जुन्यावर गेलात की तो तुमचं आधीचं प्रोफाइल वापरू देत नाही, नवीन कोरं प्रोफाइल बनवायला सांगतो, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड काही समोर दिसत नाही आणि मग आणखीनच घाबरायला होतं. बदल कमी हवे असतील तर फायरफॉक्सचं ईएसआर नावाचं व्हर्जन मिळतं, त्यात सुरक्षेचे अपडेट येत राहतात आणि मोठे बदल साधारण वर्षातून एकदाच येतात.

ब्राउझरची नावं तुम्ही दिली नाहीत म्हणून क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्हींचं सांगते. क्रोमने डाउनलोडची खालची पट्टी २०२३ मध्ये काढली, आता अॅड्रेस बारच्या उजवीकडे खाली बाण असलेलं छोटं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की फाइल तिथेच. फायरफॉक्समध्ये फाइल-एडिटची ओळ गेलेली नाही, लपलेली आहे. ऑल्ट दाबून सोडा, लगेच दिसेल. कायमची हवी असेल तर वर टॅबच्या शेजारी जी रिकामी जागा असते तिथे राइट क्लिक करून मेनू बारवर टिक करा. त्याच मेनूत टूलबार कस्टमाइझ करायचाही पर्याय आहे, तो एकदा उघडाच, बटणं माउसने ओढून हवी तिथे ठेवता येतात आणि बिघडलंच काही तर मूळ स्थितीत आणायचं बटणही तिथेच खाली असतं. फायरफॉक्समध्ये टॅब जाड झालेत ते २०२१ च्या ८९ व्हर्जनपासून. अॅड्रेस बारमध्ये अबाउट:कॉन्फिग टाइप करून शोधायच्या चौकटीत कॉम्पॅक्टमोड लिहा (दोन्ही ठिकाणी इंग्रजी अक्षरांत), जी ओळ येईल ती ट्रू करा, मग कस्टमाइझच्या पानावर खाली घनतेच्या यादीत कॉम्पॅक्ट मिळेल.

आणि माझं खरं सांगणं वेगळंच आहे. बटणं पुन्हा हलणार, त्यामुळे कीबोर्डची सवय लावा. विंडोजवर कंट्रोल-जे दाबलं की दोन्हीकडे डाउनलोड उघडतात, कंट्रोल-एलने अॅड्रेस बारमध्ये जाता येतं, चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो. मी या तीन की एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवल्या होत्या, दर वेळी माउसकडे हात गेला की आधी चिठ्ठी बघायची. काही दिवसांनी चिठ्ठी बघायची गरजच उरली नाही, आणि त्यानंतर बटणं हलली तरी माझं काम अडलं नाही.

प्रश्न: अपडेटनंतर वरच्या पट्टीतले माझे सगळे बुकमार्क उडाले. परत मिळतील का?

उत्तर: बहुतेक उडालेले नाहीत, पट्टी लपलीये. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून बघा. जुन्या फायरफॉक्समध्ये ही की बुकमार्कची लायब्ररी उघडायची, नव्यात पट्टी दाखवते-लपवते, आणि लायब्ररी आता कंट्रोल-शिफ्ट-ओवर गेलीये. पट्टी येऊनही रिकामीच दिसली तर उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत बघा, तुम्ही नेहमीच्या प्रोफाइलमध्येच आहात ना आणि खात्यात साइन-इन आहे ना. हे बघून होईपर्यंत ब्राउझर काढून नव्याने टाकू नका.