व्हेंटिलेटरवरून घरी आल्यावर ऑक्सिजन ९६, तरी दोन पावलांत धाप का लागते?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, न्यूमोनियामुळे १८ दिवस व्हेंटिलेटरवर होते. आता ऑक्सिजन ९६ असतो, स्पायरोमीटरचे (श्वास ओढून बॉल उचलायच्या व्यायामाच्या उपकरणाचे) तिन्ही बॉल उचलतात, पण बाथरूमपर्यंत जाताना धाप लागते. फुफ्फुस कायमचं गेलं का?

बहुधा नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा रुग्णाच्या मी आधी मांड्या बघते. आयसीयूत मांडी-कमरेचे स्नायू झपाट्याने झिजतात आणि झिजलेला स्नायू थोड्या कामालाही धाप लावतो. टोरांटोच्या डॉक्टरांनी एआरडीएसमधून (फुफ्फुसं अचानक गंभीरपणे निकामी होण्याच्या आजारातून) वाचलेल्या १०९ जणांवर २००३ साली अहवाल दिला. सहा महिन्यांत त्यांच्या फुफ्फुसात हवा नॉर्मल भरत होती, पण वर्षानंतरही सहा मिनिटांत चालण्याचं अंतर अपेक्षेच्या ६६ टक्केच होतं.

तरी बसून घेतलेल्या ९६ वर विसंबू नका. ऑक्सिमीटर बोटाला लावूनच चालवा आणि थांबल्यावरही मिनिटभर आकडा बघा, घसरण बऱ्याचदा थांबल्यावर दिसते. बोट गार नको, नखाला मेंदी नको. आकडा ८८ च्या खाली गेला किंवा चालण्याआधीपेक्षा चारने उतरला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवा.

आकडा टिकला तर खुर्चीवरून उठ-बस सुरू करा. खुर्ची भिंतीला टेकवा, खाली घडी केलेली चादर घालून बैठक उंच करा, शेजारी कोणीतरी उभं राहा. उठताना फुंकर मारल्यासारखा श्वास सोडायचा; श्वास कोंडून उठलं की चक्कर येते. पाच वेळा, विश्रांती, असं तीनदा. दहा-दहा सहज जमायला लागले की चादर काढा. चालताना एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. सगळ्यात जास्त चूक होते ती बरं वाटलेल्या दिवशी: माणूस दुप्पट चालतो आणि पुढचे दोन दिवस झोपून काढतो. दुसऱ्या दिवशी थकवा उरला, तर प्रमाण निम्मं करा.

स्पायरोमीटरचं कौतुक जरा जास्तच होतं. झटक्यात ओढलं की तिसरा बॉलही उडतो. एक-दोनच बॉल, पण सावकाश उचलून तीन सेकंद धरा. आंघोळ स्टुलावर बसून. शौचाला कमोड खुर्ची.

आहारात पेज आणि नारळपाण्यावर स्नायू भरत नाहीत. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारा.

श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दम्याचा पंप आणून वाट बघू नका. व्हेंटिलेटरच्या नळीमुळे श्वासनलिका अरुंद झालेली असू शकते आणि हे काही आठवड्यांनीही होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा. पाणी पिताना ठसका लागणं, चालताना पाऊल लोंबून चप्पल अडकणं हेही सांगा. एकाच पोटरीला सूज किंवा अचानक वाढलेली धाप असेल तर थेट रुग्णालयात, रक्ताची गुठळी असू शकते. तीन महिन्यांनंतरही चालताना ऑक्सिजन उतरत असेल, तर छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन), डीएलसीओसह (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याच्या मोजमापासह) फुफ्फुसांची तपासणी आणि हृदयाची इको करून घ्या.