संकरण, संस्करण आणि गावचा उकिरडा

अकरावीतल्या भाच्याने जळगावहून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंय, मामा, केमिस्ट्रीतल्या हायब्रिडायझेशनला संकरण म्हणायचं का संस्करण, क्लासचे सर दोन्ही म्हणतात. संकरणच रे भो! संस्करण म्हणजे आवृत्ती, तीही हिंदीतली. 'कार्बनचं संस्करण' ऐकून ऐकून कान किटलेत.

एका रिटायर मास्तरांनी मला चहाच्या टपरीवर ठासून सांगितलं होतं, सम् हा उपसर्ग आणि कृ हा धातू, एकत्र करणे, म्हणून दोन्ही एकच. साफ चूक. सजवणं असो का गोळा होणं, या अर्थांनी सम् पुढे 'करणे'वाला कृ आला की पाणिनी मधे स घालतोच, म्हणून तर संस्कार, संस्कृत. संकरात तो स कुठंय? कारण इथला धातू दीर्घ कॄ, किरति, विखुरणं, उधळणं. किरण, विकिरण, संकीर्ण सगळे त्याचेच, आणि खरी मजा म्हणजे आपला उकिरडाही त्याच घरचा! उत् आणि कॄ, वर टाकत गेलेला ढीग, संस्कृतात उत्कर. खुद्द संकर शब्दालाही संस्कृतात झाडून लोटलेला केर असा एक अर्थ आहे. माझं तर म्हणणं, शब्दाला वास लागला तो इथूनच, मग गीतेत अर्जुन 'संकरो नरकायैव', संकर नरकातच नेतो, म्हणतो आणि आपल्याकडची म्हातारी माणसं ज्वारी, सरकी, आजकालची पोरं, सगळ्यालाच नाक मुरडून 'हायब्रीड' म्हणतात. इंग्रजी शब्द तरी कुठे सोवळा, लॅटिनमधे हिब्रिडा म्हणजे पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचं पिल्लू.

हां, कार्बन राहिलाच. बियाण्याचा संकर डोक्यातून काढ, तिथे दोन्ही झाडं जागेवर राहतात आणि तिसरंच बी मिळतं. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने 1931 साली कार्बनचं संकरण मांडलं ते कळण्याच्या भाकरीसारखं आहे. आपल्या घरी तीन शेर ज्वारीत एक शेर उडीद दळतात ना, मग आजीने थापलेल्या चारही भाकरी सारख्याच, ही उडदाची ती ज्वारीची असं काही उरत नाही. तसंच कार्बनचे एक एस आणि तीन पी ऑर्बिटल, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागा, चार घातले चारच निघाले, चारही सारखे, म्हणून मिथेनमधे बंधांमधला कोन 109.5 अंश. एथिलिनमधे एक पी दळणाबाहेर ठेवतात, उरलेल्या तिघांचा कोन साधारण 120.

आणि सरांना सांग, ऑर्बिटलला कक्षा म्हणू नका, कक्षक म्हणा. कक्षेत ग्रह फिरतात.