अवोकाडो सॅलड पहिल्यांदाच करताय?

निम्मं काम फळ निवडण्यातच आहे. अवोकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर मऊ होतो. त्यामुळे दगडासारखा कडक मिळाला तरी घ्या, केळ्यांसोबत कागदी पिशवीत दोन-चार दिवस ठेवा. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून बघा, किंचित दबला की तयार. रंगावर जाऊ नका. हास जातीची साल पिकल्यावर काळपट होते, पण आपल्याकडे मिळणारी बरीच फळं पिकूनही हिरवीच राहतात.

काकडी-टोमॅटो चिरा, मीठ लावून १० मिनिटं चाळणीत निथळू द्या, नाहीतर तळाशी पाणीच पाणी होतं. कांदा पातळ चिरून गार पाण्यात टाका, उग्रपणा जातो. ड्रेसिंगला ३ चमचे ऑलिव्ह तेल, १ चमचा लिंबाचा रस, मिरपूड, चिमूटभर ओरेगानो. यात फेटा (खारवलेलं ग्रीक चीज) आणि ऑलिव्हही जातात. दोन्ही मुळातच खारट, म्हणून वरचं मीठ चव बघूनच. फेटाऐवजी पनीर चालतं म्हणतात. मला ते मिळमिळीत लागतं. घालायचंच तर आधी मीठ-लिंबात मुरवा.

अवोकाडोच्या मोठ्या फोडी अगदी शेवटी घाला आणि एकदाच हलक्या हाताने वरखाली करा. लिंबाने काळं पडणं लांबतं, थांबत नाही. एका जेवणात संपेल एवढंच करा.