वीरांगना, वारांगना आणि विसरलेली ‘अवीरा’

प्रश्न असा: बांगलादेशच्या युद्धावरील एका अनुवादित कादंबरीत अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना ‘वीरांगना’ म्हटलं आहे. त्या लढलेल्या नाहीत, मग तिथे ‘वीरपत्नी’ हवं होतं का?

मुळीच नको. त्यांतल्या कित्येक जणी अविवाहित होत्या. शिवाय बंगालीत ती सरकारी पदवी आहे. 1971 च्या मुक्तियुद्धात बलात्कार झालेल्या स्त्रियांना समाजाने परत घ्यावं म्हणून बांगलादेश सरकारने त्यांना ‘बीरांगोना’ असा किताब दिला. 2015 पासून त्यांची नावं मुक्तियोद्धा म्हणून राजपत्रात येऊ लागली. मधल्या काळात गावोगावी या किताबाचा ध चा मा झाला. वेलांटीच्या जागी काना आला आणि बीरांगोनाची ‘बारांगोना’ झाली, म्हणजे वारांगना, वेश्या. गौरवाचा शब्दच टोमणा झाला. युद्धकथेतल्या बाईचं युद्धानंतरचं आयुष्य नेमकं या वेलांटी-कान्याच्या फटीत घडतं. मराठी अनुवादक ती फट लिंपून टाकतात आणि परीक्षणवाले नायिका दिसली रे दिसली की तिच्या हातात तलवार देऊन मोकळे होतात.

आता ‘अंगना’. अंगणात वावरणारी ती अंगना, असं छातीठोक सांगणारे अभ्यासक अजून भेटतात. अंगणाशी तिचा काडीचा संबंध नाही. पाणिनीय गणपाठात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणाला जोडलेल्या शब्दयाद्यांत, ‘अङ्गात् कल्याणे’ असं स्पष्ट सूत्र आहे. चांगल्या अंगांची ती अंगना. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या संस्कृत शब्दकोशात, तर ‘विशेषास्त्वङ्गना भीरुः’ अशी ओळ आहे, म्हणजे अंगनेला लागूनच भीरू, म्हणजे भित्री, बसली आहे! ‘वीरांगना’चा विग्रह ‘वीर अशी अंगना’ आणि ‘वीराची अंगना’ असा दोन्ही प्रकारे होतो. कोशकार पहिलाच देऊन पुढे जातात, हा आळस आहे.

माझा तर्क वेगळाच आहे. बंगालीत हा शब्द मनामनांत रुजवला तो कवी मायकेल मधुसूदन दत्तांच्या 1862 च्या ‘वीरांगना काव्या’ने. त्यात पुराणांतल्या अकरा स्त्रियांची अकरा पत्रं आहेत. भानुमती दुर्योधनाला लिहिते, दुःशला जयद्रथाला, आणि दोघींनाही नवरा रणातून परत हवा आहे. शौर्य म्हणाल तर लेखणीचं. नमुना होता रोमन कवी ओव्हिडच्या नायिकांच्या पत्रकाव्याचा. तेव्हा बंगाली कानाला ‘वीरांगना’त मागे राहिलेली, बोलू पाहणारी बाई आधीपासून ऐकू येत असावी. मराठी कानाला घोड्यावरची राणी ऐकू येते. समास तोच, बाई वेगळी.

पण खरा खजिना ‘अवीरा’. भित्री बाई? छे! अमर सांगतो, ‘अवीरा निष्पतिसुता’. जिला ना नवरा, ना मुलगा, ती अवीरा. कारण वेदांत ‘वीर’ म्हणजे मुळात पुरुष, मुलगा. लॅटिन ‘विर’ त्याचाच भाऊबंद. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (86.9) इंद्राच्या लाडक्या वानरावर, वृषाकपीवर, भडकलेली इंद्राणी म्हणते, हा दुष्ट मला अवीरा समजतो काय? मी वीरिणी, मुलाची आई, आहे, इंद्राची पत्नी! पाठीशी पुरुष नसलेल्या बाईवर कुणीही हात टाकावा, हे त्या रागात गृहीतच आहे. वीरपत्नी, वीरसू (वीराची आई), वीरा (नवरा-मुलगा असलेली), अवीरा: सगळी मोजदाद भोवतालच्या पुरुषांची. युद्ध बाईचं जे करतं त्याला संस्कृतात एका अक्षराचा उपसर्ग पुरला. हा शब्द मराठीत आणायला हवा, असं मी गेली कित्येक वर्षं म्हणतो आहे. ‘निराधार’ त्याच्यापुढे अगदीच सरकारी अर्जातला वाटतो.

हां, अनुवादाचं राहिलंच. पदवी म्हणून शब्द येईल तिथे ‘बीरांगोना’ असाच ठेवा, ब आणि ओकारासकट. पहिल्या वेळी वाक्यातच उलगडा करा: ‘सरकारने ज्यांना बीरांगोना म्हटलं त्या, युद्धात विटंबना झालेल्या बायका’. तळटीप नको, ती कुणी वाचत नाही. टोमणा येईल तिथे ‘बारांगोना’ लिहा, म्हणजे वेलांटी आणि काना वाचकाला समोरासमोर दिसतील. आणि मुद्रितशोधकाला आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो दोन्हीकडे ‘वीरांगना’ करून ठेवील.