सहा लाखांचं पिस्तूल आणि वडिलांची दुनळी

नाना, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे पाहिले आणि दुसऱ्यांदा त्यातली बंदूक. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाना ६६ वर्षांचे, ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. राहतात नाशिक शहरात, निफाडला वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे आणि ती धाकटा भाऊ पाहतो. परवान्यावर दोन शस्त्रं आहेत. एक वडिलांनी १९६२ साली घेतलेली बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमची, वेब्ली अँड स्कॉट. दुसरं ३२ बोअरचं, सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर. शिवाय दिवाणखान्यात भिंतीवर एक ठासणीची बंदूक, बंदुकीची दारू ठेवायचं शिंग आणि दोन तलवारी. आता एक ओळखीचे गृहस्थ बेल्जियमचं ब्राउनिंग पिस्तूल विकायला काढताहेत, किंमत ६ लाख. त्यांचं म्हणणं, ‘आयात बंद आहे, भाव खाली येणारच नाही, एफडीपेक्षा बरं.’ एका माणसाला दोनच शस्त्रं बाळगता येतात, तेव्हा पिस्तूल घ्यायचं तर परवान्यावर जागा करावी लागेल, म्हणून नाना दुनळी विकायच्या विचारात आहेत. दुकानदार तिचे ३५ हजार देतोय. बाकी पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून काढायचे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: पिस्तूल घेऊ नका. आणि काही विकायचंच असेल तर दुनळी नको, रिव्हॉल्व्हर विका. आता कारणं.

सुरुवात पैशापासून करू. बचत योजनेत तुमचे २० लाख एकाच खात्यात आहेत, दर ८.२ टक्के. म्हणजे दर तिमाहीला ४१ हजार रुपये येतात. या खात्यातून थोडे पैसे काढायची सोय नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं. तुम्हाला अडीच वर्षं झालीत, म्हणजे ठेवीच्या १ टक्का, २० हजार रुपये, दारातच कापले जातील. उरलेले पुन्हा गुंतवाल ते त्या वेळच्या दराने, आणि तो दर काय असेल ते मी आज सांगू शकत नाही. आता फक्त ६ लाखांचं पाहा. त्यावर महिन्याला ४,१०० रुपये सुटतात. तुमची पेन्शन ३ हजारांच्या आसपास आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पेन्शनपेक्षा जास्त रक्कम तुम्ही तिजोरीत कुलूपबंद करून ठेवणार. काकू ‘हे खेळणं पुरे आता’ म्हणाल्या, तेव्हा त्यांनी हाच हिशेब तोंडी केला असावा.

याच ६ लाखांचं व्याज पुन्हा त्याच दराने गुंतत गेलं असं धरलं, तर नऊ वर्षांत साधारण १२ लाख होतात. तुमचं एकूण उत्पन्न पाहता त्या व्याजावर आज करही लागत नाही. मग ते पिस्तूल तुम्ही पंचाहत्तरीत १२ लाखांना विकलंत, तर बरोबरी झाली म्हणायची. नफा त्याच्यापुढे.

१२ लाख देणारा भेटेल का? इथे तुमचा विक्रेता अर्धं खरं बोलतोय. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुम्हाआम्हाला नाही. म्हणून देशात जी जुनी परदेशी पिस्तुलं आहेत तीच या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत राहतात आणि भाव चढतो. हे खरं आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की तो भाव वस्तूचा नाही, बंद दरवाजाचा आहे. हेच पिस्तूल अमेरिकेत काही शे डॉलरला मिळतं. दरवाजा थोडा जरी किलकिला झाला तरी काय होईल याचा विचार करा. पूर्वी देशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं बहुतेक सरकारी कारखान्यांतूनच यायची, आता खासगी कंपन्याही बनवायला लागल्यात. तुमच्या दुनळीवर ज्या वेब्ली अँड स्कॉटचं नाव कोरलंय, त्याच कंपनीने २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात ३२ बोअरची रिव्हॉल्व्हरं बनवायला घेतली. तुम्ही ‘विलायती’ म्हणून ज्याला जास्तीचे पैसे मोजणार, त्याचा बाजार असा सरकत असतो.

आणि हा दरवाजा आतूनही बंद होतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाने किती शस्त्रं बाळगायची ती मर्यादा तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते जमा करायला एक वर्ष दिलं. तुमची ३१५ बोअरची रायफल तेव्हाच गेली. किती मिळाले? तुमच्या पत्रात एका ओळीत आहे: १२ हजार. कमी का मिळाले, तर विकणारे सगळे एकाच वेळी दारात उभे होते आणि घेणाऱ्यांच्याही जागा भरलेल्या होत्या. शेअर पडला तर तो वर जाईपर्यंत वाट पाहता येते. शस्त्र बाळगायचीच मुदत संपली तर वाट पाहणं हाच गुन्हा ठरतो. असा अनुभव गाठीशी असताना तुम्ही पुन्हा त्याच बाजारात ६ लाख घेऊन निघालात, याचं मला थोडं नवल वाटलं.

विकण्याची रीतही एकदा नीट पाहा. खासगी माणसाला आपलं शस्त्र विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि मग किमान ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे परवाना हवा, परवान्यावर जागा हवी, शस्त्राचा प्रकार त्यात बसायला हवा. उद्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर या मालातून महिनादीड महिना एक रुपया हाती येणार नाही. तुम्हा दोघांचा आरोग्य विमा ५ लाखांचाच आहे, ते मला या सगळ्यापेक्षा जास्त खटकलं. एखादा सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा जोडविमा, घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढं तरी स्वस्त झालंय.

‘३ लाख चेकने, ३ लाख रोख’ हा विक्रेत्याचा प्रस्ताव तर ऐकूच नका. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, तो त्याचा प्रश्न. तुमचा प्रश्न असा की कागदावर पिस्तूल ३ लाखांचं राहील, आणि पुढे विकताना तुमचेच ३ लाख ‘नफा’ म्हणून दिसतील. करही तसाच. रोजच्या वापरातली स्वतःची चीजवस्तू विकली तर तो भांडवली नफ्यात धरत नाहीत. पण दागिने, चित्रं, कलावस्तू, पुरातत्त्वीय संग्रह यांना ती सूट नाही. तुम्ही स्वतःच एखाद्या वस्तूला ‘गुंतवणूक’ आणि ‘संग्रह’ म्हणत राहिलात तर आयकर खात्यालाही तेच म्हणायला सोपं जातं. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर सध्या नफ्यावर १२.५ टक्के.

आता त्या पिस्तुलाच्या कुळकथेकडे येतो, कारण मला वाटतं ६ लाखांतले निम्मे तिचेच आहेत. विक्रेता म्हणतो, ‘मॉडेल १९१०, अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर झाडलं तसलंच.’ नाशिकच्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते त्याला बरोबर ठाऊक आहे. कान्हेऱ्यांनी नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या, ती विजयानंद थिएटरमधली रात्र २१ डिसेंबर १९०९ ची. पिस्तूल ब्राउनिंग होतं हेही खरं, लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी. पण मॉडेल १९१० हे नावातच सांगतंय की ते त्या रात्रीनंतरचं आहे. १९०९ च्या डिसेंबरात कोणाच्याही हातात ते असू शकत नव्हतं. शिवाय हे मॉडेल पुढे कितीतरी दशकं, १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिलं. तेव्हा तुमच्यापुढे ठेवलेला नग कोणत्या सालचा, ते त्याच्या क्रमांकावरूनच कळेल. गोष्टीवरून नाही. आणि समजा तो खरोखर शंभर वर्षांपूर्वीचा निघाला, तर पुरावस्तू म्हणून खासगी माणसाला तो परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे तिकडच्या लिलावांतले भाव दाखवून कोणी भुरळ घालत असेल तर त्यालाही अर्थ नाही.

संग्रहातल्या वस्तूची किंमत कागदाने ठरते. कोणी घेतली, कधी, कोणत्या परवान्यावर, कोणाच्या हातून कोणाकडे गेली. हा सगळा कागद तुमच्याकडे एकाच वस्तूचा आहे: दुनळीचा. १९६२ ची खरेदीची पावती, वडिलांचा परवाना, १९९१ साली ती तुमच्या नावावर झाल्याची नोंद. दुकानदार त्याचे पैसे देत नाही, कारण त्याला ती फक्त एक जुनी बारा बोअर दिसते. बरोबरच आहे त्याचं. ३५ हजार हा बाजारभावच आहे आणि मी तुम्हाला तो वाढवून सांगणार नाही.

पण तुमच्या पत्रात पिस्तुलावर चार ओळी आहेत आणि दुनळीवर दीड पान. रानडुकरं बागेत शिरायची त्या रात्री वडील मचाणावर बसायचे. दस्त्यावरचा खोक बैलगाडीच्या चाकाचा. तुम्ही दहा वर्षांचे असताना त्यांनी तुमच्या हातात तेलाचं फडकं दिलं आणि म्हणाले, आधी पुसायला शीक. खंडेनवमीला अजूनही घरात पहिला मान तिचा. (हळदकुंकू नळीला लावू नका हो, दस्त्याला लावा. ओल्या हळदीचा डाग पोलादावर गंज धरतो, हे एचएएलच्या फिटरला मी काय सांगणार.) ज्या वस्तूबद्दल माणूस असं लिहितो तिला मी मालमत्तेच्या तक्त्यात शून्य रुपये लावतो. ती फुकट आहे म्हणून नव्हे. ती विकून आपण कुठली गरज भागवणार नाही आहोत, म्हणून. तुमच्या ६ लाखांच्या बेतात तिचा वाटा जेमतेम ६ टक्के आहे. म्हणजे पैशासाठी तुम्ही ती विकतच नाही आहात, परवान्यावरच्या जागेसाठी विकताय. आणि जागाच हवी असेल तर रिव्हॉल्व्हर आहे की. पिंपळगाव बाजारातून रोकड घेऊन रात्री परतायचं म्हणून १९९८ मध्ये ते घेतलंत. आता द्राक्षाचे पैसे बँकेत येतात. शेवटचं कधी बरोबर नेलं होतं ते तुम्हाला आठवतही नाही म्हणता. ते गेलं तर एक नूतनीकरण कमी, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायचं एक ओझं कमी. त्या पैशातून टॉप-अपचे काही हप्ते निघतील.

भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीबद्दल मात्र मला काळजी वाटते. ‘ती शोभेची, तिला परवाना लागत नाही’ असं तुम्ही बिनधास्त लिहिलंय. कायद्यातली सूट जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. तुमचं हत्यार एका दिवसात सुरू होईल अशी तुमच्याच हाताची ख्याती आहे. मग ती तिसरी बंदूक धरली जाऊ शकते. वकिलाला दाखवा, पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोवर तिचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

शेवटचा भाग मुलीचा. ‘तिला यात रस नसणार’ असं तुम्ही लिहिलंय. विचारलंत का? पत्रात तसं दिसत नाही. परवानाधारक गेल्यावर शस्त्र पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं आणि मग वारसांची धावपळ सुरू होते. ते टाळता येतं. सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. १९९१ पासून मोजा, तुमची २५ वर्षं केव्हाच भरली. मुलीला शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, पोलीस पडताळणी होईल, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं लिहून द्यावं लागेल. तुमच्या घरी काकूंची सही पुरे. मुलगी पुण्याहून दिवाळीला येईल तेव्हा कागद काढून ठेवा, दीड पान तिलाही वाचू द्या, आणि मग विचारा. नाही म्हणाली तर तेव्हा विकू. ३५ चे ३० झाले तरी तुमचं काही बिघडत नाही.

मध्यंतरी एक काम करा. दुनळीचा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी बंदुकांचा चेंबर अडीच इंची असतो, आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं काडतूस ६५ मिलिमीटरचं आहे की ७० चं ते डब्यावर पाहिल्याशिवाय घालू नका. नळीवरचे तपासणीचे शिक्के जाणकार बंदूक-कारागिराला दाखवा.

आणि त्या गृहस्थांना नाही म्हणताना १९०९ आणि १९१० मधला फरक जरूर विचारा. काय उत्तर देतात ते मला कळवा.