सोलापूरहून एका दिवसात तलाव, बोट, पक्षी बघून येता येईल का?

येतं की! सरळ उजनीचं बॅकवॉटर धरा, पुणे हायवेनं भिगवणला, साधारण दीडेकशे किलोमीटर. तिथून कुंभारगाव नाहीतर डिकसळ, मच्छीमारांच्याच बोटी असतात, भाडं आधी ठरवून घ्या. पहाटे चारला निघा, कारण ऊन चढलं की पक्षी लांब सरकतात आणि पाण्यावर डोळे दिपतात ते वेगळंच. फ्लेमिंगो बघायचे असतील तर दिवाळीत जाऊन उपयोग नाही, धरण भरलेलं असतं आणि त्यांना गुडघाभर पाणी नि चिखल लागतो, चोच उलटी करून त्यातलंच गाळून खातात ते, म्हणून पाणी उतरल्यावर, जानेवारी ते मार्च बरं. पट्टकदंब पण दिसतात, हिमालय ओलांडून आलेले. बोटवाल्याला अगदी थव्यात घुसव म्हणू नका, उडून जातात आणि मागच्यांची पण वाट लागते. येताना चिलापी फ्राय खाऊन या (काटे फार, पोरांना जपून द्या).

एवढं लांब नको असेल तर तुळजापूर रोडवरचा हिप्परगा तलाव आहेच, १८७१ चा, ब्रिटिशांच्या काळातला, हिवाळ्यात दुर्बीण घेऊन गेलात तर सकाळ मस्त जाते, पण बोटिंगच्या आशेनं जाऊ नका.